पहिलीच्या वर्गातली माडिया

[दृश्य: नद्यांचा संगम, पूल, पलीकडची वाट]

गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ भामरागड. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या इथं एकत्र येतात. राज्याच्या दुसऱ्या टोकाहून शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झालेल्या तरुणाला आधी पुराची धास्ती वाटते. खरी अडचण मात्र वर्गात असते. गुरुजींची भाषा मराठी आणि समोरच्या मुलांची माडिया. माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी.

[दृश्य: पहिलीचा वर्ग, शिक्षिका प्रश्न विचारते, मुलं गप्प]

या गप्प बसण्याला ‘मूल मंद आहे’ असं समजणं ही नव्या शिक्षकाची सगळ्यात महागडी चूक. “समजलं का?” असं विचारलं की मूल मान डोलावतं. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी काम सांगावं: “लाल खडू आण,” “दाराजवळ जा.” सांगून झालं की मनात पाच अंक मोजावेत आणि तोवर पुन्हा बोलू नये.

[दृश्य: चित्रांचे तक्ते, अंगणवाडी सेविका गोष्ट सांगताना]

प्रत्येक वाक्य आधी मराठीत, लगेच माडियात, असं शिकवलं तर मुलं मराठी ऐकतच नाहीत, माडियाची वाट पाहतात. म्हणून आज अख्खी गोष्ट माडियात. ती सांगायला गावातल्या अंगणवाडी सेविका किंवा चौथीतली मुलगी. उद्या तीच गोष्ट, तीच चित्रं, पण मराठीत. अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे कान नव्या शब्दांकडे लागतात.

[दृश्य: तोंडासमोर कागदाची पट्टी धरलेली मुलं]

श्रुतलेखनात ‘भाकर’ची ‘बाकर’ होते. हा निष्काळजीपणा नाही. माडियाच्या मूळ शब्दांत ख, घ, फ, भ जवळजवळ नाहीत, मग कान ते वेगळे ओळखणार कसे? पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरायची. ‘प’ म्हटलं की ती जेमतेम हलते, ‘फ’ला उडते. सुरुवात प-फ, क-ख पासून करावी. ब-भ मधला फरक कागदावर कमी दिसतो, तो नंतर.

लिंगाचंही तसंच. माडियात पुरुष एका गटात, स्त्रिया, जनावरं आणि वस्तू दुसऱ्या गटात. मराठीच्या तीन लिंगांत मुलं अडखळणारच. ‘बहीण आलं’ या वाक्यावर लाल फुली मारण्याऐवजी “हो, बहीण आली” असं बरोबर वाक्य सहज परत म्हणावं.

[दृश्य: तेंदूपानांचे पुडे, फळी, मोजणारे हात]

गणित इथं फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा करण्याच्या जागेवर आहे. इकडे तेंदूपानांचा एक पुडा 70 पानांचा. आई-बापांसोबत बसून पुडे बांधणाऱ्या मुलाला मोजणी शिकवायची नसते, तिला मराठी नाव द्यायचं असतं. उंडी, रंड, मुंड, नालूंग, सैयूंग या माडियातल्या एक ते पाचपासून सुरुवात करावी. मग दहा-दहा काड्यांच्या जुड्या. सात जुड्या म्हणजे एक पुडा. ‘एकोणसत्तर’ तोंडाने पाठ करून घेण्याआधी सहा जुड्या आणि नऊ सुट्या काड्या हातात द्याव्यात, कारण मराठी नाव सत्तरातून एक वजा करून येतं आणि तिथंच मुलं घसरतात.

[दृश्य: पहाटेचं जंगल, मोहफुलं वेचणारी मुलं]

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात, ती तेव्हाच वेचावी लागतात. उन्हाळ्यात शाळाही सकाळचीच, म्हणून पट रिकामा दिसतो. नवा पाठ पहिल्या तासाला घेऊ नये, दुपारच्या जेवणाआधीच्या तासाला घ्यावा.

[दृश्य: आश्रमशाळेची इमारत, बाहेरून]

वाचता न येता वरच्या वर्गात गेलेली मुलं पुढे शाळा सोडतात. संविधानाचं कलम 350 अ आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा, दोन्हीत शक्य तोवर मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे.

[दृश्य: शिक्षिकेची वही, जवळून]

तीन रकाने: देवनागरीत माडिया शब्द, मराठी शब्द, चित्र. रोज पाच शब्द, मुलांकडून विचारून आणि गावातल्या मोठ्यांकडून तपासून. ही वही शाळेच्या दप्तरात नोंदवून ठेवावी. बदली झाल्यावर ती शिक्षकाबरोबर गेली तर पुढच्या शिक्षणसेवकाला पहिल्या शब्दापासून सुरुवात करावी लागते.