भरती सांगेल ती वेळ

(दृश्य : पहाट. ओहोटी. ओला चिखलपट्टा, दूरवर ठिपके.)

पहिल्या नजरेत इथे काहीच नाही. उघडा पडलेला चिखल, मधून वाहणारे पाण्याचे ओहळ, आणि हलताहेत की नाही असा संशय यावा असे लांबवरचे ठिपके. लेन्स लावली की त्या ठिपक्यांना पाय फुटतात, चोची फुटतात, आणि मग लक्षात येतं की आख्खा चिखल चालतो आहे.

एप्रिलची अखेर ते जूनची सुरुवात. उत्तर गोलार्धातल्या किनाऱ्यांवर या दिवसांत मोठी धावपळ असते. हिवाळाभर राखाडी-तपकिरी राहून ओळखणाऱ्यांना घाम फोडणारे पक्षी आता रंग घेतात. डनलिनच्या पोटावर काळा डाग उमटतो. करड्या चिखल्याचा चेहरा, गळा, छाती काळीभोर होते. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचा नर विटकरी होतो. पण सगळे एकाच दिवशी बदलत नाहीत. थव्यात एक पूर्ण रंगलेला, शेजारचा अर्धामुर्धा, आणि तिसऱ्याला अजून पत्ताच नाही. कॅमेरेवाले बहुतेक त्या पूर्ण रंगलेल्याच्या मागे लागतात. मला विचाराल तर तो अर्धामुर्धा पक्षी जास्त बोलका. त्याच्या अंगावर ऋतू बदलताना दिसतो.

(दृश्य : भरतीचं पाणी ओहळातून आत सरकतंय.)

हे पक्षी इथे राहायला आलेले नाहीत. बहुतेकांना अजून उत्तरेला, टुंड्रापर्यंत जायचं आहे, तिथे घरटं करायचं आहे, आणि तिथला उन्हाळा तोकडा असतो. म्हणून इथे खायचं, चरबी साठवायची आणि निघायचं. खायला मिळतं ते चिखल उघडा असेपर्यंतच. थोडक्यात, त्यांचं घड्याळ सूर्याचं नाही, समुद्राचं. फोटो काढणाऱ्यालाही तेच घड्याळ मनगटावर बांधावं लागतं.

पूर्ण ओहोटीला पक्षी मैलोन्मैल पसरलेले असतात. त्यांच्या मागे चिखल तुडवत जाणं म्हणजे उडणाऱ्या थव्यांच्या शेपट्यांचे फोटो घेऊन परतणं. भरती चढायला लागली की चित्र पालटतं. पाणी पुढे सरकतं, खाण्याची जागा आक्रसते आणि पक्षी आपसूक किनाऱ्याकडे ढकलले जातात. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागा धरून आडवं व्हायचं आणि हलायचं नाही. बाकीचं काम पाणी करतं.

भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. एक गोष्ट मात्र कमी जणांच्या ध्यानात येते. कोणत्याही एका किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती वर्षभर साधारण त्याच वेळेला येते. एखाद्या ठिकाणी ती दुपारी बारा-एकच्या सुमारास येत असेल, तर तिथलं उधाण कायम भर उन्हातलंच. अशा किनाऱ्यावर सकाळची भरती साधायची तर उधाण उलटून आठवडाभराने, भांगाच्या (कमी चढ-उताराच्या भरतीच्या) दिवसांत जावं लागतं. भांगाला पाणी ओहोटीत फार मागे हटत नाही आणि भरतीत फार वरही चढत नाही, त्यामुळे पक्षीही फार जवळ येत नाहीत. देवाणघेवाण आहे. भरतीचं कोष्टक आणि सूर्योदयाची वेळ शेजारी ठेवून जो तारखा ठरवतो, त्याला नवीन लेन्सपेक्षा जास्त फायदा होतो.

(दृश्य : वाळूवर पालथा पडलेला छायाचित्रकार. कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर.)

उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. पोटावर झोपलं की लेन्स त्याच्या डोळ्याच्या रेषेत येते, मागचा किनारा विरघळतो आणि पक्षी सुटा होतो. शिवाय जमिनीवर पसरलेल्या माणसाला हे पक्षी उभ्या माणसाइतके बिचकत नाहीत.

पण उन्हाळ्यात याच्यात एक मेख आहे. वाळू तापली की तिच्या लगतची हवा थरथरू लागते, आणि ही थरथर सर्वांत जास्त असते ती जमिनीच्या अगदी जवळ, म्हणजे नेमकी जिथे लेन्स आहे तिथे. फोकस बरोबर, शटर बरोबर, तरी फोटो लोण्यासारखा मऊ. लेन्सला शिव्या देऊन उपयोग नाही. महागडी लेन्सही तीच हवा टिपते. उपाय दोनच : सूर्य वर चढायच्या आत काम उरकायचं, नाहीतर कोरडी वाळू टाळून ओल्या पट्ट्यावरून, कमी अंतरावर फोटो घ्यायचा.

(दृश्य : सँडरलिंगची टोळी. लाट येते, टोळी पळते. लाट मागे जाते, टोळी मागोमाग.)

हा सँडरलिंग. बहुतेक किनारपक्ष्यांना मागचं छोटं बोट असतं, याला ते नाहीच. लाट फुटली की पुढे, लाट ओसरली की तिच्या मागे, आणि ओसरत्या पाण्याने उघडे पाडलेले किडे-कवचधारी जीव तो टिपतो. त्याच्यामागे कॅमेरा फिरवत बसू नका. लाटेकडे बघा. लाट ओसरून पाण्याचा पातळ थर उरतो, तेव्हा तो क्षणभर थांबून चोच खुपसतो आणि खाली त्याचं प्रतिबिंब पडतं. पळत्या पायांसाठी शटर निदान १/१६०० सेकंदाचा हवा. उडण्यासाठी त्याहून वेगवान.

चिखल्याची तऱ्हा वेगळी. तुतारी (सँडपायपर) गटातले पक्षी चोच खुपसत, स्पर्शाने भक्ष्य शोधत चालत राहतात. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो, म्हणूनच त्याचे डोळे एवढे मोठे. चार पावलं पळायचं, गच्च थांबायचं, बघायचं, टोचायचं. तो थांबतो तेव्हाच फोटो. नीट पाहिलं तर थांबल्यावर त्याचा एक पाय ओल्या वाळूवर थरथरताना दिसतो. त्या कंपाने खालचे जीव हलतात आणि त्याला दिसतात. स्थिर फोटोत हे पकडणं कठीण, व्हिडिओत मात्र सुरेख येतं.

आणि हा कालवफोड्या. लाल चोच, लाल डोळा, काळं-पांढरं अंग. अंग एवढं काळं-पांढरं की एक्स्पोजरची परीक्षाच. पांढरं जळू (तपशील जाऊन कोरं पडू) द्यायचं नाही, काळ्यातला तपशील नंतर बाहेर काढता येतो. फोटो मोठा करून याच्या चोचीचं टोक जरूर बघा. टोक बोथट असेल, तर हा शिंपले ठोकून फोडणारा. टोकदार असेल, तर वाळूत चोच खुपसून किडे काढणारा. खाण्याची पद्धत बदलली की काही आठवड्यांत टोकाचा आकारही बदलतो, कारण चोच झिजत असते आणि सतत वाढतही असते.

(दृश्य : समुद्रकिनारा, मे महिना. वाळूवर शेकडो हॉर्सशू क्रॅब.)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा डेलावेअर उपसागर. मे-जूनमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या भरतीला, हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला वाळूवर चढतात. नावात क्रॅब असलं तरी हा खेकडा नव्हे. याचं नातं कोळी-विंचवांशी. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. मादी वाळूत खोल, एका खेपेला हजारोंच्या संख्येने हिरवट अंडी पुरते, एकेक जेमतेम दीड मिलिमीटरचं.

त्याच सुमाराला इथे रेड नॉट उतरतात. यांतले काही थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून, तिएरा देल फुएगोहून निघालेले. लांब उड्डाणाआधी हा पक्षी आपली पचनेंद्रियं आक्रसून घेतो, वजन वाचवायला. त्यामुळे पोहोचल्यावर कठीण शिंपले पचवण्याजोगं पोटच नसतं. त्याला मऊ, चरबीदार अन्न हवं असतं, आणि ही अंडी तशीच आहेत. अडचण एवढीच की अंडी खोल आणि रेड नॉटची चोच आखूड. मागून आलेल्या माद्या तीच वाळू पुन्हा उकरतात, लाटा ती घुसळतात, तेव्हा अंडी वर येतात. म्हणजे क्रॅब भरपूर असतील तरच पक्ष्याच्या तोंडी अंडं लागतं. सगळं जुळलं, तर दोनेक आठवड्यांत त्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं.

मासेमारीत आमिष म्हणून वापरायला या क्रॅबची अतोनात पकड झाली आणि रेड नॉटची संख्या कोसळली. न्यू जर्सीने २००८ मध्ये ही पकड बंद केली. २०१४ मध्ये रेड नॉटची ही उपजात अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आली. हंगामात तिथले काही किनारे लोकांसाठी बंद ठेवतात आणि फोटो लांबून घ्यावे लागतात. त्यावर कुरकुर करणारे असतातच. त्यांनी पुढचा हिशेब करावा : थवा एकदा उडाला की चरबी जळते आणि खाण्याची मिनिटंही जातात. पाच माणसांनी पाच वेळा उडवला, तर त्या दिवशीची भरती फुकट.

(दृश्य : कोरडी वाळू, शिंपल्यांचे तुकडे. कॅमेरा स्थिर. काही क्षणांनी तीन अंडी दिसतात.)

काही पक्षी मात्र उत्तरेला न जाता किनाऱ्यावरच वीण करतात. केंटिश चिखल्याचं घरटं म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा आणि त्यात बहुधा तीन ठिपकेदार अंडी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कडक उन्हात आईबाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, तापू नयेत म्हणून. तुम्ही घरट्याजवळ रेंगाळलात तर ते उठून जातात आणि उघडी अंडी थोड्या वेळात शिजू शकतात. तुम्हाला घरट्यापासून दूर न्यायला पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यापुढे फडफडू लागला, तर ते दृश्य कितीही देखणं असलं तरी कॅमेरा खाली आणि आल्या पावली मागे. घरट्याचा फोटो टाकताना ठिकाण सांगू नये. झोपलेल्या थव्यावर ड्रोन उडवणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं.

परत आल्यावर पहिलं काम कॅमेऱ्याचं. खारी हवा सुकली की मिठाचे कण उरतात, ते कोरड्या फडक्याने पुसले तर ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. लेन्स किनाऱ्यावर बदलायची नाही.

(दृश्य : संगणकावर फोटो. पाय मोठा केलेला. नारिंगी पट्टी.)

आणि मग फोटो चाळताना पाय बघायचे. अमेरिका खंडांत किनारपक्ष्यांच्या पायात रंगीत पट्ट्या घालतात आणि रंगावरून देश कळतो : अर्जेंटिनाची नारिंगी, चिलीची लाल, ब्राझीलची निळी, कॅनडाची पांढरी. १९९५ मध्ये तिएरा देल फुएगोत कडं घातलेला एक रेड नॉट नंतर नारिंगी पट्टीवरच्या ‘बी ९५’ या खुणेने ओळखला जाऊ लागला. तो २०१४ पर्यंत दिसत राहिला. त्याचा जन्मभराचा प्रवास पृथ्वी ते चंद्र या अंतराहून जास्त भरतो, आणि हे कळलं ते ठिकठिकाणी लोकांनी त्याची खूण वाचून कळवल्यामुळे. तुमच्या फोटोत अशी पट्टी सापडली, तर पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं, ती डाव्या पायात की उजव्या, सांध्याच्या वर की खाली, तारीख आणि जागा एवढं नोंदवून कडी घालणाऱ्या केंद्राला पाठवा. पक्षी धूसर आला असला तरी चालेल, अक्षरं वाचता आली पाहिजेत.