दहा जणांची गाडी: टाटा सुमोची पंचवीस वर्षं

नमस्कार श्रोतेहो. आज मला एका गाडीबद्दल बोलायचं आहे, टाटा सुमोबद्दल. १९९४ साली ती बाजारात आली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तिचं उत्पादन थांबलं. या पंचवीस वर्षांत तुम्ही-आम्ही तिच्यात बसून लग्नाला गेलो, देवदर्शनाला गेलो, पेशंटला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. आणि तरीही आपल्याकडच्या मोटारींचा इतिहास सांगायची वेळ आली की लोक फियाट आणि ॲम्बेसेडरवरून मारुतीवर येतात आणि तिथून थेट इंडिकावर उडी मारतात. मधली सुमो राहून जाते. मला ते पटत नाही. मालट्रक बांधणाऱ्या कंपनीला माणसांची गाडीही बांधता येते, हे देशाला सुमोनं दाखवलं, आणि तेही मालट्रकचेच गुण अंगी घेऊन. तिची ताकद तिथली होती, आणि तिचं दुखणंही तिथलंच.

त्या काळी टाटा मोटर्सला सगळे टेल्कोच म्हणत. १९४५ साली कंपनी स्थापन झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला, जमशेदपूरला. १९५४ पासून जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक सुरू झाले. जुन्या माणसांना टाटा-मर्सिडीज ट्रक आठवत असतील, पुढच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी असलेले. या कंपनीचे अनेक वर्षांचे कर्णधार होते सुमंत मुळगावकर. सुमोचं नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांनी केलेलं काम मात्र तेवढं ठाऊक नाही. साठच्या दशकात त्यांनी पिंपरी-चिंचवडच्या माळावर जागा घेतली, आणि तिथं आधी ट्रक काढलाच नाही. आधी उभे राहिले ते यंत्रं आणि साचे बनवणारे विभाग आणि मुलांना हाताचं कसब शिकवणारं प्रशिक्षण केंद्र. वाहनं बाहेर पडायला सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर टर्नर, फिटर, टूलमेकर अशी एक पिढी तयार झाली होती. कारखान्याच्या आवारात झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. चिंचवडच्या कारखान्यात आजही सुमंत सरोवर आहे.

मुळगावकर १९८९ साली गेले, त्यामुळे स्वतःच्या नावाची गाडी त्यांना पाहायला मिळाली नाही. ते वर्ष पुण्यातल्या टेल्कोसाठी अवघडच होतं. वेतनकरार आणि युनियनच्या मान्यतेवरून पेटलेला संघर्ष त्या सप्टेंबरात कामगारांच्या शनिवारवाड्यावरच्या उपोषणापर्यंत गेला आणि शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उठवलं. पुणेकरांनी तो सगळा प्रसंग डोळ्यांनी पाहिला. सुमोची गोष्ट सांगताना मी हे मुद्दाम सांगतो, कारण पाच वर्षांनी ही गाडी ज्या कारखान्यातून बाहेर पडली तो हाच.

आता गाडीकडे येऊ. १९८८ मध्ये टेल्कोनं टाटामोबाइल नावाचा पिकअप काढला होता. त्याच घराण्यात १९९१ साली सिएरा आली, पाठोपाठ इस्टेट आली. सिएरा देखणी होती, मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली मोठी काच होती, पण दारं दोनच आणि किंमत श्रीमंतांची. पैसेवाला माणूसही मागच्या सीटवर बसायला वाकून जायचं म्हटलं की विचार करायचा. कंपनीला माणसांची गाडी बांधायचा सराव त्यातून झाला, खप मात्र फारसा झाला नाही. सुमोनं हे गणित बदललं. सांगाडा त्याच घराण्यातला, म्हणजे खाली ट्रकसारखी शिडीची चेसी, मागे स्प्रिंगचे पाटे, ताकद मागच्या चाकांना, इंजिन १,९४८ सीसीचं डिझेल, सत्तरहून कमी अश्वशक्तीचं. पण वर बॉडी अशी, की एकही इंच वाया गेलेला नाही. चौकोनी, उभ्या बाजूंची, बाजूला चार दारं आणि मागे पाचवं. पुढे तीन, मध्ये तीन आणि मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर चार, अशी दहा माणसं हिशोबात बसत. बेहिशोबात किती बसत, ते तुम्हाला मी सांगायला नको.

लोकांनी तिला उचलून धरलं. १९९७ पर्यंत एक लाखाहून जास्त सुमो विकल्या गेल्या होत्या. ज्या काळात गाडी असणं हीच गावात बातमी असायची, त्या काळातला हा आकडा आहे. घेणारे कोण होते? एकत्र कुटुंबातला बागायतदार, साखर कारखान्याचा संचालक, कंत्राटदार, दवाखाना चालवणारा डॉक्टर, पोलीस खातं, जिल्हा परिषद आणि प्रवासी भरून पोट भरणारा ड्रायव्हर-मालक. पुढाऱ्यांच्या ताफ्यात पांढरी सुमो दिसू लागली, आणि तीच गाडी लाल दिव्याची रुग्णवाहिका होऊन ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उभी राहिली.

ड्रायव्हर-मालकाजवळ जरा थांबू या. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्याला वडाप म्हणतात आणि मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी म्हणतात, तो धंदा सुमोच्या आधीपासून चालत होता. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स होती, महिंद्राच्या जीपगाड्या होत्या. सुमो त्यात सामील झाली आणि भाव खाऊन गेली. एसटी स्टँडच्या बाहेर, झाडाखाली गाडी तोंड करून उभी. मुलगा दार धरून गावांची नावं ओरडतोय. पुढे ड्रायव्हर उजव्या दाराला इतका टेकलेला, की गिअर टाकताना शेजारच्याला गुडघा आवरायला सांगावा लागतो. मागच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा, मधल्या जागेत भाजीची करंडी, एखादी शेळी नसली तर नशीब. टपावर सिमेंटची पोती, सायकल, शाळेची पेटी. "अजून एक बसंल" असं म्हणेपर्यंत गाडी सुटत नाही. पाट्यांमुळे रिकामी सुमो खड्ड्यात धडधडायची, आणि भरली की तीच गाडी जमिनीला धरून शांत चालायची. ती भरून चालवण्यासाठीच बांधलेली होती, आणि ड्रायव्हर लोकांनी हे पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

२००० साली कंपनीनं याच ग्राहकासाठी सुमोचाच एक प्रकार काढला, स्पासिओ. तिच्यात चक्क ४०७ टेम्पोच्या घराण्यातलं तीन लिटरच्या आसपासचं इंजिन बसवलं. आवाज मोठा, पळायला बेताची, पण चढाला दमत नसे. आणि तालुक्याच्या गावी ज्या मिस्त्रीनं आयुष्यभर ४०७ खोलली, त्याला ही गाडी नवी वाटलीच नाही. पार्ट मार्केटात मिळायचे, रात्री गाडी बंद पडली तरी सकाळच्या फेरीला उभी राहायची. सुमोच्या यशाचा एवढा मोठा वाटा या मिस्त्रींचा आहे, की त्यांच्याशिवाय तिचा इतिहास लिहिला तर तो अर्धाच होईल.

ती महाराष्ट्राबाहेर कुठपर्यंत पोचली, हे पाहिलं तर ऊर भरून येतो. ईशान्येकडच्या डोंगरांत जिथं रेल्वे पोचली नव्हती आणि मोठी बस वळणावर वळत नाही, तिथं गावांना जोडणारी गाडी म्हणजे सुमो. ऐझॉलला किंवा इटानगरला सुमो काउंटरवर तिकीट काढायचं, सीट नंबर घ्यायचा आणि पहाटे निघायचं. काश्मीरमध्ये सुमो स्टँड आहेत. पिंपरीच्या साच्यातून निघालेला पत्रा मिझोरमच्या चिखलात रोज फेऱ्या मारत होता.

मग काय बिघडलं? २००० च्या जानेवारीत टोयोटाची क्वालिस आली. दिसायला साधीच, पण इंजिनाचा आवाज कमी, बसायला आरामशीर, आणि सहसा बंद न पडणारी. टॅक्सी कंपन्या तिकडे वळल्या. त्याच वर्षी महिंद्राची बोलेरो आली, २००२ ला स्कॉर्पिओ आली. टेल्कोचं सगळं लक्ष आणि भांडवल तेव्हा इंडिकात अडकलं होतं, आणि २०००-०१ या वर्षी कंपनीला पाचशे कोटींच्या घरात तोटा झाला. सुमोला पुन्हा मुळापासून बांधायची वेळ तीच होती, आणि ती निघून गेली, असं माझं मत आहे. सुमोचीच नवी रूपं मात्र येत राहिली: २००४ ला व्हिक्टा आली, २००८ ला ग्रँडे, २०११ ला गोल्ड. तोंडवळा बदलला, डॅशबोर्ड बदलला, इंजिनं सुधारली. पण व्हिक्टा आणि गोल्डच्या खाली सांगाडा जुनाच राहिला. ग्रँडेनं शहरी कुटुंबाकडे पाहिलं आणि वडापवाल्याला ती महाग पडली. सुमोचा खरा ग्राहक हळूहळू बोलेरोकडे गेला, आणि महिंद्रानं त्याला जपला.

शेवटचा धक्का नियमांचा होता. २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, जुलैपासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, ऑक्टोबरपासून जुन्या मॉडेलनाही धडक चाचणी, आणि २०२० च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-सहा नियम. हे नियम हवेच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाकड्यावर आडवं बसून, पट्ट्याविना, टपावर ओझं घेऊन जाणाऱ्या गाड्यांचे अपघात आपण वर्तमानपत्रात खूप वाचले आहेत, आणि त्यात गेलेली माणसं बहुतेक मजूर आणि शाळकरी मुलं होती. नव्वदीतल्या सांगाड्यावर हे सगळं बसवणं परवडणारं नव्हतं. कंपनीनं गाजावाजा न करता गाडी यादीतून काढली. सिएराचं आणि सफारीचं नाव टाटांनी नव्या गाड्यांना पुन्हा दिलं. सुमोच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही.

२०१९ ला पासिंग झालेल्या खासगी सुमोची नोंदणी २०३४ पर्यंत चालेल, फिटनेस मिळालं तर त्यापुढेही. म्हणजे गाड्या अजून आहेत. पण त्या ज्यांनी लाइनवर उभं राहून जोडल्या ते कामगार निवृत्त झालेत, आणि पहिल्या खेपेचे ड्रायव्हर आता साठीच्या पुढे आहेत. तुमच्या गावात असा कुणी असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्या मार्गावर गाडी चालवली, एका फेरीला किती सुटायचे, इंजिन कुठं उतरवलं, हप्ते कसे फेडले, सगळं विचारा. नमस्कार.