जाड, तिरका आणि गोलमटोल

(दृश्य: शाईचा रोलर, मग पडदाभर एकच अक्षर)

हा 'ए' नीट बघा. इंग्रजी बाराखडीतला धाकटा, छोट्या लिपीतला. शेजारी त्याचा सरळ भाऊ उभा आहे. सरळ 'ए'ला वर टोपी, खाली पोट. तिरक्यानं टोपी काढून ठेवली आहे. एका झोकात वळलेलं पोट आणि शेवटी छोटी शेपटी. म्हणजे अक्षर नुसतं कलंडलेलं नाही, पुन्हा काढलेलं आहे. याला म्हणतात इटॅलिक.

टाईपाचं नाव कूपर ब्लॅक इटॅलिक.

(दृश्य: ब्रश, कोरा कागद, बाह्यरेषा)

ऑस्वल्ड कूपर, जन्म १८७९, ओहायो. चित्रं काढायला शिकावं म्हणून शिकागोला आले. शाळेत अक्षरलेखन शिकवायला होते फ्रेडरिक गाउडी, अमेरिकेतले पुढे फार गाजलेले अक्षरकार. चित्र मागे पडलं, अक्षर हाताला लागलं. जाहिरातींसाठी कूपर ब्रशनं अक्षरं रंगवत, आणि तो ब्रश टाईपातही उतरला. टोकांची पावलं, म्हणजे सेरिफ, बघा. कुठेही धार नाही. टीपकागदावर शाई फुटावी तशी टोकं. आता खाली पट्टी लावू. पावलं सपाट नाहीत, किंचित फुगीर आहेत; ओळ पट्टीवर टेकते, पण बसत नाही. मोठा 'ओ' तर आरामखुर्चीत रेलल्यासारखा मागे कललेला.

सरळ कूपर ब्लॅक १९२२ साली शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं, म्हणजे टाईप ओतणाऱ्या कारखान्यानं, बाजारात आणला. तिरका भाऊ काही वर्षांनी आला. कूपर गमतीनं म्हणत, हा टाईप दूरदृष्टीच्या छापखानेवाल्यांचा, ज्यांची गिऱ्हाइकं अधू दृष्टीची!

(दृश्य: चिमटा, खिळा, भिंग)

हा 'एफ' कूपरचा नाही, दुसऱ्या घराण्यातला आहे. पण तिरक्या टाईपाचं जुनं दुखणं याच्यावर छान दिसतं. याचं डोकं खिळ्याच्या, म्हणजे अक्षराच्या धातूच्या ठोकळ्याच्या, अंगाबाहेर लोंबतं आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकतं. शेजारी उंच 'एल' आला की कटकन् तुटतं. आपल्याकडे वेलांटी-रफाराच्या लोंबत्या खिळ्यांचंही हेच.

१५०१ साली व्हेनिसमध्ये छापखानेवाले आल्डुस मानुतिउस यांनी पहिलं इटॅलिक पुस्तक छापलं, ते आजच्यासारखं एखाद्या शब्दावर भर द्यायला नव्हेच. सबंध पुस्तकच तिरकं. अक्षरं फ्रांचेस्को ग्रिफो यांनी कोरलेली, आणि मोठी अक्षरं मात्र सरळच उभी!

(दृश्य: संगणकाचा पडदा)

आता हे. मराठी शब्द निवडला, तिरकं करायचं बटण दाबलं. शिरोरेषा जागच्या जागी, आणि काने वाऱ्यात झुकल्यासारखे. इथे कोणी काही काढलेलं नाही, यंत्रानं ढकललंय.

(दृश्य: वेष्टणं, टी-शर्ट, विमान)

कूपर ब्लॅक जाहिरातींत धावला, सत्तरच्या दशकात टी-शर्टवर इस्त्रीनं चिकटला, इझीजेटच्या विमानांवर बसला. लहान आकारात मात्र याची पोटं शाईनं बुजतात. नकलाही झाल्या, मोनोटाईप कंपनीसाठी १९२५ साली त्याला टक्कर देणारा टाईप काढला तो खुद्द गाउडींनी, कूपरच्या गुरुजींनी.

(दृश्य: ओलं प्रूफ, संथ)

तिसऱ्या ओळीत बघा. तोच 'एफ', डोकं नसलेला. खिळ्यांच्या पेटीत दुसरा नव्हता.