लाल गोळी कधी घ्यायची?

(दृश्य: चुलीवर चहा. कोनाड्यात गोळ्यांची पट्टी.)

मेळघाटातला धारणी तालुका, सकाळचे सात. घरातल्या गरोदर बाईला पाचवा महिना लागलाय. पट्टीतून लोहाची एक लाल गोळी निघते आणि चहाच्या घोटाबरोबर पोटात जाते. गोळी चुकली नाही. चुकला तो चहा. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोहाला धरून ठेवतं आणि बरंचसं लोह रक्तात न उतरताच शौचावाटे निघून जातं.

या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. त्याआधीचे तीन महिने नुसतं फॉलिक अ‍ॅसिड, 400 मायक्रोग्रॅम. खरं तर ते दिवस राहण्याआधीच सुरू झालेलं बरं. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांतच मिटते. तोवर पाळी चुकल्याचं पुरतं ध्यानातही आलेलं नसतं.

(दृश्य: अंगणवाडी. ताटात भात, डाळ, पालेभाजी, अंडं.)

आदिवासी भागासाठीच्या सरकारी अमृत आहार योजनेचं हे गरम जेवण शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतं. डाळभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं.

दुसरी गफलत कॅल्शियमची. 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज लागतात. पण लोहासोबत घेतल्या तर लोहाची वाट अडते. म्हणून एक न्याहारीनंतर, एक दुपारच्या जेवणानंतर. लाल गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. झोपेत मळमळही फारशी जाणवत नाही.

शौचाला काळं होतं, म्हणून घाबरून गोळी सोडणाऱ्या पुष्कळ जणी. ते न शोषलेलं लोह. त्यात काही वावगं नाही. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवायची. ‘गोळीनं बाळ काळं होतं’ हे मात्र साफ खोटं.

(दृश्य: बोटातून रक्ताचा थेंब.)

हिमोग्लोबिन 11 च्या (100 मिलिलिटर रक्तात 11 ग्रॅमच्या) खाली गेलं की रक्तक्षय. 7 ते 10.9 असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज दोन गोळ्या आणि महिन्यानं पुन्हा तपासणी. महिन्याभरात एक ग्रॅमही वाढलं नाही, तर वरच्या दवाखान्यात. 7 च्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबून चालत नाही, थेट रुग्णालय. चौथ्या महिन्यानंतर जंतांची एक गोळीही देतात. शेतात अनवाणी चालताना पायातून शिरणारे अंकुशकृमी आतड्यात बसून रक्त पितात.

पोटातलं बाळ शेवटच्या तीन महिन्यांत लोहाची शिदोरी बांधून घेतं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. पहिले सहा महिने बाळ याच शिदोरीवर काढतं. बारसं झालं की गोळी बंद, असा घरोघरी रिवाज. प्रत्यक्षात बाळंतपणानंतरही 180 दिवस ती चालू ठेवायची.

(दृश्य: रांगतं मूल, उंच फळीवर डबा.)

आणि पट्टी कोनाड्यात नको. लाल, गोड लेपाची गोळी लहान मुलाला चॉकलेटच वाटते. मूठभर पोटात गेल्या तर जिवावर बेततं.