ईएमआय भरतोय, पण कर्ज कमी का होत नाही?

नमस्कार मंडळी. आज मला बोलायचंय ते नोकरीला लागून दोन-चार वर्षं झालेल्या मुलामुलींशी. म्हणजे पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि चार-पाच दिवसांत हप्ता कापल्याचाही येतो, त्या सगळ्यांशी. मी कर्जाच्या टेबलावर काम करते, त्यामुळे रोज अशी मुलं समोर येतात, आणि त्यांचा प्रश्न जवळपास सारखाच असतो, मॅडम दर महिन्याला हप्ता वेळेवर जातो, एकही बाउन्स नाही, तरी बाकी बघितली की अजून एवढी कशी?

कर्ज कशाला घेतलं ते मी विचारत बसत नाही. कुणाच्या बहिणीचं लग्न असतं, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, कुणाला पुण्यात रूमचं डिपॉझिट भरायचं असतं, कुणी बाइक घेतो. घेतलं ते घेतलं. आता ते लवकर कसं संपवायचं तेवढंच बघू. जमलं तर कागद-पेन घेऊन बसा, कारण थोडे आकडे येणारेत आणि आकड्यांशिवाय हे कळत नाही.

चाकणच्या एका कंपनीत काम करणारा एक मुलगा आला होता, त्याचंच उदाहरण घेते. ३ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्के व्याज, मुदत ५ वर्षं म्हणजे ६० हप्ते. हप्ता बसला ६,९८० रुपये. मी त्याला रिपेमेंट शेड्यूल काढून दिलं, तो तक्ता असतो ना, हप्ता नंबर, व्याज, मुद्दल, बाकी, असे रकाने असलेला. बहुतेकांनी तो कधी उघडलेलाच नसतो, कर्ज मंजूर झालं त्या दिवशी मेल येतो आणि तिथेच पडून राहतो. त्याच्या पहिल्या हप्त्यासमोर लिहिलं होतं, व्याज ३,५०० आणि मुद्दल ३,४८०. म्हणजे ६,९८० भरले त्यातले निम्मे व्याजातच गेले. आणि यात बँकेने काही गडबड केलेली नाही, ३ लाखांवर १४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ४२ हजार, त्याचा बारावा भाग ३,५००, तो आधी कापला जातो आणि उरलेलं मुद्दलात जातं. पुढच्या महिन्यात मुद्दल थोडं कमी झालेलं असतं म्हणून व्याजही थोडं कमी लागतं, असं करत करत शेवटच्या वर्षात व्याज अगदी थोडं राहतं.

आता पूर्ण वर्षाचा हिशोब बघा. १२ हप्ते म्हणजे जवळपास ८३,८०० रुपये त्याने भरले, आणि मुद्दल कमी झालं ४४,५०० च्या आसपास. बाकी दाखवत होती २ लाख ५५ हजार. तो मुलगा तक्त्याकडे बघतच राहिला. पाच वर्षांत एकूण व्याज जातं साधारण १ लाख १९ हजार, आणि त्यातलं ६० टक्के व्याज पहिल्या दोन वर्षांतच भरून होतं. म्हणून मी म्हणते की जास्तीचे पैसे टाकायचे असतील तर सुरुवातीलाच टाका, मुद्दल मोठं असताना. चौथ्या-पाचव्या वर्षी हातात पैसे खुळखुळायला लागले की सगळ्यांना कर्ज बंद करायची घाई होते, पण तोवर बहुतेक व्याज देऊन झालेलं असतं.

मग जास्तीचे म्हणजे किती? त्या मुलाला मी सांगितलं, महिन्याला २ हजार बाजूला काढ, वर्षाचे झाले २४ हजार, आणि दिवाळीचा बोनस हातात येतो त्यातले १६ हजार घाल, झाले ४० हजार. हे ४० हजार वर्ष संपताना मुद्दलात भर. त्याने असं एकदाच केलं आणि हप्ता तोच ठेवला तर त्याचे शेवटचे नऊ-साडेनऊ हप्ते उडतात, म्हणजे पुढे जाणारे ६६ हजार आज ४० हजारांत मिटले, निव्वळ २६ हजार वाचले. आणि दरवर्षी ४० हजार भरत गेला तर ६० हप्त्यांचं कर्ज ३७ व्या हप्त्याला संपतं. जवळपास दोन वर्षं आधी, आणि व्याजाचे ४० हजार वाचतात, थोडेफार चार्जेस जाऊन ३५ तरी नक्की. तेवीस महिने आधी तो ६,९८० चा हप्ता थांबला तर पंचविशीतल्या मुलाच्या आयुष्यात केवढा फरक पडतो ते मला वेगळं सांगायला नको.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण कष्टाने जमवलेले पैसे इथेच वाया जातात. जास्तीचे पैसे नुसते खात्यात टाकले म्हणजे मुद्दल कमी झालं असं होत नाही. बऱ्याच ठिकाणी ते ॲडव्हान्स हप्ता म्हणून पडून राहतात आणि पुढचा हप्ता त्यातून कापला जातो, व्याज तसंच चालू. तुम्हाला अर्ज द्यावा लागतो की हे पार्ट पेमेंट आहे, मुद्दलात जमा करा. आणि त्याच अर्जात दुसरी ओळ लिहायची, मुदत कमी करा, हप्ता आहे तोच ठेवा. ही दुसरी ओळ राहिली तर काही ठिकाणी उलटं करतात, मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून देतात, आणि आपल्यालाही ते बरं वाटतं, चला हप्ता उतरला. त्या मुलाचा हप्ता ५,९०० च्या आसपास आला असता. पण मग त्याच ४० हजारांमागे वाचले असते फक्त १२ हजार, २६ च्या जागी. पैसे तेच, दिवस तोच, फक्त एका ओळीने निम्म्याहून जास्त फायदा गेला. म्हणून अर्ज दिला की पोच घ्या आणि नवीन शेड्यूल मागून घ्या, बाकीचा आकडा खरंच खाली आलाय का ते स्वतः बघा.

आता चार्जेस. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड रेटचं, म्हणजे शेवटपर्यंत एकाच व्याजदराचं असतं आणि त्यावर पार्ट पेमेंटला किंवा फोरक्लोजरला, म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण बंद करायला, साधारण २ ते ५ टक्के चार्ज आणि वर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. रिझर्व्ह बँकेचा नवीन नियम आहे की १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर मध्येच बदलू शकतो अशा कर्जावर, ते माणसाने धंद्यासाठी न घेता घरगुती कारणासाठी घेतलेलं असेल तर, प्रीपेमेंट चार्ज, म्हणजे मुदतीआधी पैसे भरल्याचा चार्ज, लावता येत नाही. पण तुमचं फिक्स्ड असेल तर तुमच्या कागदावर काय छापलंय तेच चालणार. कागद म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं कर्जाच्या अटींचं पत्रक, १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या रिटेल कर्जांना ते द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर किती पडतो तेही लिहिलेलं असतं. चार्ज बघून घाबरू नका, हिशोब करा. ४० हजारांवर ३ टक्के म्हणजे १,२०० आणि जीएसटी २१६, एकूण १,४१६ रुपये. त्याच्यासमोर वाचतायत २६ हजार. पण हाच मुलगा शेवटच्या वर्षात आला असता, १२ हप्ते राहिलेत, बाकी ७७-७८ हजार, तर पुढचं सगळं व्याज मिळून उरतं फक्त ६ हजार, आणि ४ टक्के चार्ज जीएसटीसकट जातो ३,६०० च्या वर. मग मी सांगितलं असतं की राहू दे बाबा, हप्ते शांतपणे भर आणि हातातले पैसे हातात ठेव.

काही बँका पहिले १२ हप्ते होईपर्यंत पार्ट पेमेंट घेत नाहीत, काही वर्षातून एकदाच घेतात, काही बाकी रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच घेतात आणि काही ठिकाणी तर घेतच नाहीत, पूर्ण बंद करायचं तर करा म्हणतात. तसं असेल तर महिन्याचे २-३ हजार आरडीत, म्हणजे दर महिन्याच्या आवर्ती ठेवीत, टाकत राहा आणि पुरेसे जमले की एकदम फोरक्लोजर करा. आरडीत व्याज कमी मिळतं हे मान्य, पण पैसे खात्यात मोकळे राहिले तर ते राहत नाहीत, हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

अजून एक, हे मुलं हल्ली खूप विचारतात. पर्सनल लोन १४-१५ टक्क्यांनी चालू आहे आणि बाजूला ५ हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याची गुंतवणूक, पण चालू आहे, काय करू? माझं स्पष्ट मत आहे, एसआयपी थांबवा आणि ते पैसे कर्जात घाला. म्युच्युअल फंडात १४ टक्के मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही, कर्जाचे १४ टक्के मात्र वाचतातच. कर्ज संपल्यावर तोच हप्ता एसआयपीत वळवा. पीएफला हात लावू नका, मेडिक्लेम बंद करू नका. आणि सगळेच्या सगळे पैसे कर्जात ओतून कोरडे पण होऊ नका, एक-दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. एका मुलीने असंच केलं होतं, बोनस पूर्ण भरून टाकला आणि पुढच्याच महिन्यात आईला ॲडमिट करावं लागलं, सगळं बिल क्रेडिट कार्डावर गेलं.

आणि कार्डाचं व्याज म्हणजे काय असतं ते जरा सांगते. बिल पूर्ण न भरता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरत राहिलात तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला ३ ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के. त्यामुळे एकापेक्षा जास्त कर्जं असतील तर कार्डाची थकबाकी सगळ्यात आधी, त्यात दुसरा विचारच नको. मग ॲपवरून घेतलेली छोटी महाग कर्जं, मग पर्सनल लोन, आणि एज्युकेशन लोन, होम लोन शेवटी. दोन कर्जांच्या दरात फार फरक नसेल तर जे लहान आहे ते आधी उडवा, तो हप्ता मोकळा झाला की पुढच्यावर जोर लावता येतो. दर तुलना करताना फ्लॅट रेट आहे का तेवढं विचारा. १० टक्के फ्लॅट ऐकायला गोड वाटतं, पण ३ वर्षांच्या कर्जाला तो खरा १८ टक्क्यांच्या आसपास पडतो, कारण मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पहिल्या दिवशीच्या रकमेवरच धरलेलं असतं.

मग फोन येतात. वर्षभर हप्ते वेळेवर गेले की सर, तुम्हाला प्री-अप्रूव्ड टॉप-अप आहे, म्हणजे याच कर्जावर वाढीव कर्ज, हप्ता फार वाढणार नाही. हप्ता वाढत नाही कारण मुदत पुन्हा ५ वर्षांची होते! जे कर्ज संपत आलं होतं ते परत पहिल्या पानावर जातं, व्याज जास्त असतं त्या पानावर. मी हात जोडून सांगते, खरंच अडचण नसेल तर नाही म्हणा आणि फोन ठेवा. बॅलन्स ट्रान्सफरचं, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचं वेगळं आहे, दर दोन-अडीच टक्क्यांनी कमी मिळत असेल, कर्ज अजून नवीन असेल आणि उरलेली मुदत तेवढीच ठेवणार असाल, तर करा, पण प्रोसेसिंग फी आणि जुन्या बँकेचा फोरक्लोजर चार्ज धरून हिशोब मांडा.

आता ज्यांची नोकरी गेलीय किंवा पगार लांबलाय त्यांच्यासाठी. लवकर फेडायचं राहू दे, हप्ताच जमत नाहीये अशी वेळ येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हप्ता बाउन्स व्हायच्या आधी बँकेत जा, लेखी द्या, मुदत वाढवून मागा. गप्प बसलेल्या माणसाला मदत करायला आमच्याही हातात काही राहत नाही. सेटलमेंटची, म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवायची ऑफर आली तर एकदम हो म्हणू नका, थोडक्यात मिटतं खरं, पण क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीवर, सेटल्ड असा शेरा लागतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शेरा समोर येतो. आणि वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो, नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायचा नसतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पोरांनो, या भीतीने घर सोडून जाऊ नका, जिवाचं काही करून घेऊ नका. आधी घरात सांगा. आईवडील दोन दिवस चिडतील, पण तिसऱ्या दिवशी तेच सोबत बँकेत येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि कर्ज संपलं की काम संपलं असं समजून घरी बसू नका. नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला घ्या, हप्त्यासाठी दिलेलं ई-नॅच मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, रद्द झालंय का बघा, कारण कर्ज बंद झाल्यावरही हप्ता कापला गेल्याच्या तक्रारी येतात. महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यात कर्जासमोर क्लोज्ड दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर बँकेत लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला एक रुपया लागत नाही, माहितीसाठी १४४४८ या नंबरवर फोन करा. नंबर परत सांगते, एक चार चार चार आठ. नमस्कार.