गोळी तीच, खाज तीच

नमस्कार. आज बोलायचं आहे बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्याबद्दल. घरात सासरे-दीर बसले असतील तरी रेडिओचा आवाज बारीक करू नका. मेडिकलवरून गोळी बहुतेक तेच आणून देतात.

दवाखान्यात आलेली बाई आधी पदराशी चाळा करते, मग म्हणते, "डॉक्टरीणबाई, अंगावरून पांढरं जायलंय. गोळी खाल्ली, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा खाज सुटायलीय." ही गोळी बहुधा बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, १५० मिलिग्रॅमची. कधी तिच्या जोडीला ॲझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल असं किटच मिळतं. त्यातलं ॲझिथ्रोमायसिन जंतूंवरचं औषध. अशी औषधं योनीमार्गातले चांगले जंतूही मारतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. आणि हे किट काही मेडिकलवालाच देतो असं नाही. न तपासता चिठ्ठीवर ते खरडणारे आमच्यातही आहेत.

गोळी वाईट नाही. कँडिडा अल्बिकन्स या नेहमीच्या बुरशीवर एका डोसात गुण येतो. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण टिकवायला एर्गोस्टेरॉल लागतं, ते तयार करणारं एन्झाइम ही गोळी अडवते. पण त्यानं बुरशीची फक्त वाढ थांबते, ती पुरती मरत नाही. गोळी वारंवार आणि अर्धवट पोटात गेली की तिला तोंड देऊन उरलेली बुरशीच पुढं वाढते. काहींचं ते एन्झाइमच बदललेलं असतं, काही बुरशा औषध आत आलं की पंपासारखं बाहेर फेकतात. शिवाय सगळी बुरशी अल्बिकन्स नसते. ग्लाब्राटा जातीची बुरशी या गोळीला फारशी जुमानत नाही, आणि क्रुसेई जातीची तर मुळातच दाद देत नाही. तिथं दहा पट्ट्या संपवल्या तरी उपयोग शून्य.

आणि मुळात ती बुरशी आहे का? फुटलेल्या दह्यासारखं घट्ट जाणं, खाज, लघवीला आग, ही बुरशीची लक्षणं. माशासारखा वास येत असेल तर बहुधा जंतूंचा त्रास, त्याचं औषध निराळं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जाणारं पातळ, बिनवासाचं पाणी हा तर आजारच नाही.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून जातं म्हणून पिशवी काढलेल्या बायका आपल्या ओळखीत असतील. बुरशी असते योनीमार्गात. पिशवी काढून ती कशी जाणार? हे ऐकलं की मला आजही राग येतो.

वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा त्रास झाला, तर स्राव तपासायला सांगा. काचपट्टीवर बुरशी आहे का ते लगेच दिसतं. जात कोणती आणि कोणतं औषध लागू पडेल हे कल्चरवरून, म्हणजे ती बुरशी प्रयोगशाळेत वाढवून कळतं, त्याला काही दिवस लागतात. सोबत रक्तातली साखरही बघा. साखर वाढलेली असली की बुरशी परतते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यांनीही हा त्रास होतो. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

अल्बिकन्सच वारंवार होत असेल तर आठवड्याला एक गोळी, सहा महिने, असा लांबचा कोर्स असतो. ग्लाब्राटासाठी बोरिक ॲसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दोन-तीन आठवडे आत ठेवायला देतात. कॅरमची पावडरही बोरिकचीच म्हणून ती कुणी वापरू नका, बायांनो! ही कॅप्सूल तोंडानं घेतली तर विष आहे, आणि गरोदरपणी अजिबात चालत नाही. गरोदर बाईनं फ्लुकोनॅझोलही मनानं घेऊ नये. तिला क्लोट्रिमॅझोलसारखं वरून वापरायचं औषध सात दिवस देतात.

कारखान्यावर जाणाऱ्यांनी टोळी निघायच्या आधीच तपासून घ्या. फडात ना आडोसा ना दवाखाना. दवाखान्यात येताना आधी खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाकून आणा, नावं पाठ नसली तरी चालेल.