गाणं कळत नाही की ऐकू येत नाही?

मंडळी, ‘हल्लीची गाणी झेपत नाहीत, वय झालं आता’ हे वाक्य रंकाळ्यावरच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं. पंचेचाळिशीतली माणसंही म्हणतात. पण सगळा दोष वयाच्या माथी मारण्याआधी त्यातला कानाचा किती, मोबाईलचा किती आणि सवयीचा किती, हे तपासून घ्यावं.

आधी कान. वय वाढतं तशी ऐकण्याची वरची बाजू पहिल्यांदा जाते. आ, ई, ओ या स्वरांचा जोर खाली असतो, तो टिकतो. स, श, थ यांची कुसकुस साधारण दोन ते आठ हजार हर्ट्झमध्ये असते, ती विरते. म्हणून आवाज येतो, शब्द लागत नाहीत. रॅपमध्ये तर सगळा खेळ शब्दांचाच. घरी अंदाज घ्यायचा तर वायरचा इअरफोन लावा, मोबाईलवर टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झची शिट्टी वाजवणारं ॲप) घ्या, आवाज बेताचा ठेवा आणि १,०००, ४,०००, ८,०००, १२,००० असं चढत जा. उतारवयात १२,००० न ऐकू येणं नेहमीचंच. ४,००० एकाच कानाला लागत नसेल, तर मात्र डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करावी. इथे एक चूक हमखास होते: ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत नेतात. शिट्टी ऐकू आली नाही तरी कानाला इजा व्हायची ती होतेच.

आता मोबाईल. आजच्या गाण्याचा पाया ४०-६० हर्ट्झच्या खर्जात असतो. फोनचा नखाएवढा स्पीकर तिथवर पोचतच नाही. पाया काढलेलं घर बघून ‘हे काय बांधलंय’ म्हणावं, तसं होतं. मिरवणुकीत डॉल्बीसमोर नेमकं उलट. तिथे खर्जच उरतो, छाती धडधडते आणि शब्द वाहून जातात. दोन्हीकडे गाणं अर्धंच भेटतं. साध्या हेडफोनवर ते एकदा तरी पुरं ऐकावं.

ठेक्याची गफलत तर फार गमतीची आहे. ट्रॅप या रॅपच्या एका पद्धतीच्या गाण्यात वर झांजेसारखी टिकटिक धावत असते. लोक तिच्यावर पाय हलवतात आणि दमतात. ती चौगुन, म्हणजे चौपट वेगाची, समजा. खालचा ठेका संथ आहे. मिनिटाला १४० मात्रांचं गाणं असेल तर एक-दोन-तीन-चार मोजा; टाळी तिसरीवर पडते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेकंदांनी एकदा. तेवढीच धरा. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, ऐकलेल्या कानाला हे जड नाही.

‘सगळ्यांचा आवाज सारखाच’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. १९९७ साली ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आलं. सूर चुकला की ते जवळच्या स्वरावर ओढून बसवतं. ओढण्याचा वेग शून्यावर ठेवला की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, संपते, घसरगुंडीची शिडी होते. गंधारावरचं आंदोलन, म्हणजे सुराचं संथ झुलणं, सपाट होतं. मींडेवर वाढलेल्या कानाला हे टोचणारच. पेटीवरही हाच आक्षेप होता, आणि आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदीच घातली होती. आज पेटीशिवाय आपली मैफल सुरू होत नाही! दुसरी रास्त तक्रार थकव्याची. नव्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा यांतलं अंतर दाबून टाकतात. तासभरात कान शिणतो.

‘अडीच मिनिटांत कसलं गाणं’ हे मात्र कोल्हापुरात म्हणू नये. इथल्या दरबारात गायलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत तेवढंच मावायचं. आज ऐकणाऱ्याने पहिल्या ३० सेकंदांत गाणं सोडलं तर स्पॉटिफाय ते मोजतच नाही, म्हणून आलाप-बिलाप न करता थेट मुखडा येतो. गाणं नेहमीच बाजारातल्या मापात बसत आलंय.

राहिली सवय. विशीच्या आसपास ऐकलेली गाणी आठवणींना चिकटतात, त्यांच्याशी नव्या गाण्याची बरोबरी लावणं अन्यायाचं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की वारंवार समोर आलेली गोष्ट आवडू लागते. अनवट राग पहिल्या बैठकीत कुणाला उलगडतो? एकच गाणं निवडा. तीन दिवस, दिवसातून दोनदा ऐका. एकदा शब्द समोर ठेवून, एकदा फक्त खर्जाकडे कान देऊन. सलग सहा वेळा लावू नका, वीट येतो.

आणि घरातल्या पोराला ‘यात ऐकण्यासारखं काय आहे रे?’ असं विचारू नका. ‘यातली तुझी जागा कुठली, मिनिट-सेकंद सांग’ असं विचारा. तो सांगेल. मग त्याच्या दहा सेकंद आधीपासून लावा.